ओरिनोको कार्ड आणि विंडोज ९८: पहिल्या पिढीचं वायफाय आज चालू करायचं असेल तर

जुन्या लॅपटॉपवर वायफाय चालू करायला बसलं की बहुतेकांचा सगळा वेळ ड्रायव्हर शोधण्यात जातो. ड्रायव्हर लागतोच, पण अडचण सहसा दुसऱ्या टोकाला असते. १९९९ सालचं कार्ड तेव्हाच्या नियमांनी बोलतं आणि आजच्या राउटरमध्ये ते नियम एकतर बंद केलेले असतात किंवा काढूनच टाकलेले असतात. कार्ड बदलता येत नाही, म्हणून त्याच्यापुरतं एक छोटं नेटवर्क उभं करायचं आणि घरातल्या बाकी नेटवर्कपासून ते वेगळं ठेवायचं. या लेखातला क्रमही तसाच आहे: आधी कार्ड ओळखणं, मग नेटवर्क, आणि त्यानंतर विंडोज.

उदाहरणासाठी १९९८ सालचा आयबीएम थिंकपॅड ६०० घेतो. पेंटियम टू, विंडोज ९८ सेकंड एडिशन, दोन पीसीएमसीआयए स्लॉट (म्हणजे बाजूने कार्ड खोचायच्या फटी), एक यूएसबी पोर्ट. आत नेटवर्क कार्ड नाहीच, केबलचंही नाही. कार्ड म्हणून ल्यूसेंट कंपनीचं ओरिनोको हे वायफाय कार्ड. तुमचा लॅपटॉप तोशिबा किंवा कॉम्पॅक असला तरी पायऱ्या जवळपास याच राहतात.

कार्ड नेमकं कोणतं आहे?

ओरिनोकोचं आधीचं नाव वेव्हलॅन. वेव्हलॅन हे मूळचं एनसीआर कंपनीचं उत्पादन, नेदरलँड्समधल्या तिच्या अभियंत्यांनी बनवलेलं. त्यांच्यापैकीच व्हिक हेज पुढे आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.११ समितीचे, म्हणजे वायफायचं मानक ठरवणाऱ्या समितीचे, अध्यक्ष झाले. १९९१ मध्ये एटी अँड टीने एनसीआर विकत घेतली. १९९६ मध्ये एटी अँड टीतून ल्यूसेंट वेगळी झाली आणि वेव्हलॅन तिच्या वाट्याला गेलं. पुढे त्याला ओरिनोको हे नाव मिळालं, मग मालकी एजिअर कंपनीकडे आणि २००२ मध्ये प्रॉक्सिमकडे गेली. ही वंशावळ उगाच सांगत नाही. तुमच्या कार्डावर यांपैकी कुठलंही नाव असू शकतं आणि ड्रायव्हर शोधताना एका नावाने जे सापडत नाही ते दुसऱ्या नावाने सापडतं.

हेच कार्ड इतरांनीही आपापल्या नावाने विकलं. डेलचं ट्रूमोबाइल ११५०, कॉम्पॅकचं डब्ल्यूएल११०, एन्टेरासिसचं रोमअबाउट, अवायाचं कार्ड या सगळ्यांच्या आत ल्यूसेंटची तीच हर्मीस चिप आहे. १९९९ मध्ये अ‍ॅपलने आयबुकबरोबर ९९ डॉलरला आणलेलं पहिलं एअरपोर्ट कार्डही मुळात हेच.

तीन गोष्टी मात्र नीट बघा. एक, कार्डावर नुसतं ‘वेव्हलॅन’ असेल, ‘आयईईई’ नसेल आणि अँटेनाची वेगळी डबी वायरने जोडलेली असेल, तर ते ८०२.११ हे मानक येण्याआधीचं आहे. ते फक्त आपल्या जातभाईंशी बोलतं, कुठल्याही वायफाय राउटरशी नाही. संग्रहासाठी छान, पण या लेखाच्या कामाचं नाही. दोन, ‘सिल्व्हर’ आणि ‘गोल्ड’ यांतला फरक एन्क्रिप्शनचा आहे: सिल्व्हरला ६४ बिट, गोल्डला १२८ बिट. वेग दोन्हींचा सारखाच, ११ एमबीपीएस. तीन, प्रॉक्सिमने ओरिनोको हेच नाव ८०२.११च्या ए, बी, जी प्रकारांच्या पुढच्या कार्डांनाही दिलं. त्या कार्डांची चिप वेगळी आणि बांधणी कार्डबसची. तेव्हा नाव बघून विकत घेऊ नका, कार्ड हातात घेऊन बघा.

हातात घेऊन काय बघायचं? कार्डाचं स्लॉटमध्ये जाणारं टोक बघा, जिथे बारीक भोकांच्या दोन ओळी असतात. त्या भोकांच्या वरच्या कडेला सोनेरी पत्र्याची पट्टी असेल आणि तिच्यावर एका रांगेत छोटे उंचवटे असतील, तर ते ३२ बिटांचं कार्डबस कार्ड. पट्टी नसेल तर १६ बिटांचं साधं पीसी कार्ड. ओरिनोको सिल्व्हर आणि क्लासिक गोल्ड १६ बिटांची आहेत. १६ बिटांचं कार्ड दोन्ही प्रकारच्या स्लॉटमध्ये चालतं. कार्डबस कार्ड जुन्या, फक्त १६ बिटांच्या स्लॉटमध्ये जातच नाही, कारण त्याच्या कडेची खाच मुद्दाम वेगळी ठेवलेली आहे. जोर लावून घुसवू नका, स्लॉटच्या पिना वाकल्या की लॅपटॉप उघडण्याशिवाय उपाय नाही. पेंटियम वन किंवा ४८६च्या लॅपटॉपसाठी ओरिनोको शोधण्याचं मुख्य कारण हेच आहे.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात असं कार्ड सापडलंच, तर ते बहुधा परदेशातून आलेल्या सेकंडहँड लॅपटॉपच्या पोटातून निघालेलं असतं. याचा एक व्यावहारिक परिणाम आहे. अमेरिकेत विकलेलं कार्ड १ ते ११ एवढेच चॅनल ऐकतं. आपल्याकडचे राउटर १ ते १३ वापरतात. राउटर ‘ऑटो’वर असेल आणि त्याने १२ किंवा १३ निवडला, तर कार्डाच्या दृष्टीने ते नेटवर्क अस्तित्वातच नाही. तुम्ही मात्र ड्रायव्हर बदलत बसता.

कार्डाचा काळा फुगीर भाग स्लॉटच्या बाहेर राहतो, अँटेना त्यातच आहे. त्याच्या टोकाला एक छोटंसं झाकण असतं आणि त्याखाली बाहेरच्या अँटेनाचा बारीक कनेक्टर. घरातल्या वापराला त्याची गरज नाही. झाकण तसंच राहू द्या. ते एकदा हरवलं की आत धूळ जाते.

नेटवर्क आधी, कार्ड नंतर

एन्क्रिप्शनपासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. ओरिनोकोला येतं ते वेप, म्हणजे वायफायचं पहिलं एन्क्रिप्शन. विंडोज ९८ वर तेवढंच धरून चला. एक्सपी असेल तर नंतरच्या ड्रायव्हर आणि फर्मवेअरने (कार्डाच्या आतल्या प्रोग्रॅमने) डब्ल्यूपीए या वेपनंतरच्या पद्धतीचा टीकेआयपी प्रकार मिळू शकतो, पण आजचे राउटर डब्ल्यूपीए२ आणि एईएस मागतात आणि ते या कार्डाला झेपत नाही. वेपमधली कमजोरी २००१ मध्येच उघड झाली होती. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी १२८ बिटांच्या वेपची किल्ली एका मिनिटाच्या आत काढून दाखवली. तेव्हा वेप म्हणजे कडी नसलेलं दार, नुसतं लोटलेलं. शेजाऱ्याचा फोन चुकून जोडला जाणार नाही, एवढाच त्याचा उपयोग.

म्हणून घरातल्या मुख्य राउटरची सुरक्षा जुन्या कार्डासाठी खाली आणू नका. आणखीही एक कारण आहे. ८०२.११बी चं, म्हणजे या कार्डाच्या मानकाचं, एक यंत्र जोडलं गेलं की २.४ गिगाहर्ट्झवरच्या सगळ्या यंत्रांना जपून बोलावं लागतं आणि सगळ्यांचाच वेग पडतो. घरचे विचारतात नेट का रेंगाळतंय, आणि उत्तर तुमच्या टेबलावर असतं.

त्याऐवजी एक जुना राउटर घ्या. लिंकसिस डब्ल्यूआरटी५४जी सारखा २००३ ते २०१० च्या काळातला कुठलाही बी/जी राउटर चालेल. असे राउटर भंगाराच्या भावात मिळतात आणि त्यांच्यात वेप असतंच. माळ्यावर ब्रॉडबँडबरोबर आलेला जुना एडीएसएल वायफाय मोडेम पडला असेल तर तोही चालतो, पण त्याला बहुतेक वेळा इंटरनेट आत घ्यायचं इथरनेट पोर्ट नसतं. तो इंटरनेटला न जोडता स्वतंत्र ठेवा: त्याच्या एका लॅन पोर्टला केबलने तुमचा नवा कॉम्प्युटर आणि वायफायवर जुना लॅपटॉप. फाइली इकडून तिकडे न्यायला एवढं पुरतं आणि इंटरनेटवरून कुणी आत येण्याचा प्रश्नच उरत नाही. माझ्या मते बहुतेकांना एवढ्यावर थांबायला हरकत नाही.

इंटरनेटही हवंच असेल तर जुन्या राउटरचं वॅन पोर्ट, म्हणजे इंटरनेट आत घ्यायचं पोर्ट, मुख्य राउटरला जोडावं लागतं. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘राउटरच्या मागे राउटर’ लावला म्हणजे घरचं नेटवर्क सुरक्षित, असं लोक समजतात. प्रत्यक्षात उलटं आहे. आतल्या राउटरवर बसलेल्या यंत्राला बाहेर जायचा रस्ता मुख्य नेटवर्कमधूनच असतो, त्यामुळे तुमचा प्रिंटर, हार्ड डिस्क, कॅमेरा सगळं त्याच्या आवाक्यात येतं. वेप फोडून कुणी आत आला तर त्यालाही ते दिसतं. म्हणून जुना राउटर मुख्य राउटरच्या गेस्ट नेटवर्कच्या किंवा वेगळ्या व्हीलॅनच्या (त्याच राउटरवर वेगळ्या पाडलेल्या नेटवर्कच्या) पोर्टवर लावा. तशी सोय नसेल तर जुन्या राउटरच्या फायरवॉलमध्ये मुख्य नेटवर्कच्या पत्त्यांकडे जाणारी वाहतूक अडवा. दोन्ही जमत नसेल तर काम झाल्यावर त्याचा प्लग काढा. हा उपाय साधा आहे आणि तरी सगळ्यात खात्रीचा.

आता जुन्या राउटरच्या सेटिंग्ज. त्याचा स्वतःचा पत्ता बदला, कारण दोन्ही राउटर १९२.१६८.१.१ वर असले तर गोंधळ होतो, आतल्याला १९२.१६८.५०.१ द्या. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, वायफायवरून अ‍ॅडमिन पान उघडण्याची सोय बंद करा, यूपीएनपी (यंत्रांना राउटरमध्ये आपोआप वाट उघडू देणारी सोय) बंद करा. वायरलेसच्या पानावर मोड ‘मिक्स्ड’ किंवा ‘बी ओन्ली’ ठेवा. चॅनल १, ६ किंवा ११ असा हाताने निवडा, ऑटो नको. प्रिअँबलचा पर्याय दिसला तर ‘लाँग’. रुंदी २० मेगाहर्ट्झ. नेटवर्कचं नाव छोटं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांचंच, मध्ये मोकळी जागा नाही. देवनागरी नाव किंवा इमोजी नव्या फोनला चालतात, १९९९च्या कार्डाला नाही. नाव लपवूही नका. त्याने सुरक्षितता वाढत नाही, दोष शोधणं मात्र अवघड होतं.

ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मुक्त प्रणाली घातलेला नवा राउटर वापरायचा असेल तर त्यात जुने ८०२.११बी वेग चालू करण्याचा चौकोन असतो, तो टिक करा. वेप मात्र त्याच्या नव्या आवृत्त्यांत सहजासहजी मिळत नाही, म्हणून या कामाला मी जुना राउटरच बरा मानतो.

पहिल्या जोडणीसाठी एन्क्रिप्शन पूर्ण बंद ठेवा आणि वॅनची केबल काढून ठेवा. फोन त्या नेटवर्कला जोडून त्याला १९२.१६८.५० ने सुरू होणारा पत्ता मिळतोय का ते बघा. मिळाला म्हणजे हे टोक ठीक आहे. यापुढे काही अडलं तर दोष बहुधा लॅपटॉपकडे.

लॅपटॉप तयार करणं

थिंकपॅड सुरू करताच १६१ आणि १६३ असे आकडे दिसले तर आतली सीमॉसची बॅटरी संपली आहे आणि तारीख पुसली गेली आहे. बॅटरी बदला, निदान तारीख तरी भरा. तारीख चुकीची असली की नंतर ब्राउझर सर्टिफिकेटवरून अडतो आणि आपण वायफायला दोष देतो.

ड्रायव्हर लॅपटॉपवर न्यायचा कसा, हा यातला मजेशीर भाग. नेटवर्क नाही, आणि पेनड्राइव्हला विंडोज ९८ मध्ये वेगळा ड्रायव्हर लागतो. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि ते पीसीएमसीआयए स्लॉटमध्ये बसवणारा साधा अडॅप्टर. विंडोज ९८ त्याला हार्ड डिस्क समजतं, काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. २ जीबीपेक्षा लहान कार्ड घ्या, नव्या कॉम्प्युटरवर फॅट पद्धतीने फॉर्मॅट करा, त्यावर ड्रायव्हर आणि क्लायंट मॅनेजर (नेटवर्क निवडायचा आणि सिग्नल दाखवायचा ओरिनोकोचा प्रोग्रॅम) टाका. लॅपटॉपचा सीडी ड्राइव्ह चालत असेल तर सीडी लिहूनही भागतं.

याच फेरीत विंडोज ९८च्या सीडीवरचा ‘विन९८’ हा फोल्डर लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवर उतरवून ठेवा. नेटवर्कमध्ये काहीही बदललं की विंडोज सीडी मागतं, दर वेळी. फोल्डर डिस्कवर असला की फक्त रस्ता दाखवायचा. ही एक गोष्ट केलीत तरी अर्धी चिडचिड वाचते.

नंतर बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्ज. बऱ्याच तोशिबा लॅपटॉपमध्ये पीसी कार्डच्या कंट्रोलरचा मोड निवडता येतो: ऑटो, कार्डबस, पीसीआयसी. विंडोज ९८ साठी ऑटो किंवा कार्डबस ठेवा. विंडोज ९५ची पहिली आवृत्ती असेल तर पीसीआयसी, कारण तिला कार्डबस माहीत नाही. न लागणारी इन्फ्रारेड आणि सीरियल पोर्टं बंद करा. कार्डाला एक मोकळा आयआरक्यू (प्रोसेसरचं लक्ष वेधायची क्रमांक दिलेली ओळ) लागतो आणि जुन्या लॅपटॉपमध्ये त्यांचीच टंचाई असते: ५ साउंड कार्डाने घेतलेला, ७ प्रिंटर पोर्टने, ३ दुसऱ्या सीरियल किंवा इन्फ्रारेड पोर्टने. इन्फ्रारेड बंद केलं की ३ मोकळा होतो आणि कार्ड बहुतेक वेळा तोच उचलतं.

कार्ड आत, ड्रायव्हर आत

एक्सपी असेल तर हा भाग वगळा, त्यात ओरिनोकोचा ड्रायव्हर आधीपासून आहे. विंडोज ९८ मध्ये कार्ड खोचण्याआधी क्लायंट मॅनेजरचं सेटअप चालवा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा.

आता कार्ड स्लॉटमध्ये सरळ रेषेत ढकला, शेवटी किंचित अडल्यासारखं होऊन ते बसतं. विंडोज आवाज देतं आणि ‘नवं हार्डवेअर सापडलं’ अशी खिडकी येते. आवाजच आला नाही, तर कंट्रोल पॅनलमध्ये ‘पीसी कार्ड’ हे चिन्ह उघडा. डॉसच्या काळातले जुने कार्ड ड्रायव्हर कॉन्फिग फाइलमध्ये राहिले असतील तर तिथला विझार्ड ते बंद करून ३२ बिटांची व्यवस्था चालू करायला मदत करतो.

ड्रायव्हरचा फोल्डर दाखवा. पुढे विंडोज फाइली मागेल तेव्हा सी ड्राइव्हवरचा विन९८ फोल्डर दाखवा. ‘या फाइलीपेक्षा नवी फाइल आधीच आहे, ती ठेवायची का’ असं विचारलं तर नेहमी ‘हो’, म्हणजे नवी ठेवा.

मग प्रोफाइलची खिडकी येते. नेटवर्कच्या प्रकारात अ‍ॅक्सेस पॉइंट निवडा. रेसिडेन्शिअल गेटवे हा पर्याय ल्यूसेंटच्या स्वतःच्या आरजी-१००० या डबीसाठी होता. त्या डबीचं नेटवर्कचं नाव सहा अक्षरांचं असायचं आणि ठरलेली किल्ली म्हणजे त्याच नावाची शेवटची पाच अक्षरं. नाव हवेत सगळ्यांना दिसणार आणि किल्ली त्यातच! तेव्हा सुरक्षिततेचा विचार इतपतच होता.

नेटवर्क नेममध्ये राउटरचं नाव लिहा. लहान-मोठी अक्षरं तंतोतंत तशीच, इथे फरक पडतो. एन्क्रिप्शन आत्ता बंद, पॉवर मॅनेजमेंटही बंद. लॅपटॉप पुन्हा सुरू करा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे पिवळं उद्गारचिन्ह आलं तर रिसोर्सेसच्या पानावर आयआरक्यू आणि आय/ओचा पट्टा बघा. कार्डाला ६४ पत्त्यांचा सलग तुकडा लागतो, उदाहरणार्थ ०१०० ते ०१३एफ. तिथे दुसरं काही बसलं असेल तर ‘आपोआप’ची टिक काढून दुसरा मोकळा तुकडा द्या.

डेस्कटॉपमध्ये हेच कार्ड वापरायचं असेल तर पीसीएमसीआयए अडॅप्टर लागतो. पीसीआयचा असेल तर फारसा त्रास नाही. आयएसएचा असेल तर अडॅप्टरच्या कंट्रोलरला ०३ई० हा पत्ता मोकळा ठेवावा लागतो आणि विंडोजला तो कंट्रोलर आपण होऊन दिसत नाही. ‘नवं हार्डवेअर जोडा’मधून हाताने सांगावा लागतो.

पत्ता मिळाला का?

नेटवर्क नेबरहूडवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज. यादीत कार्ड, टीसीपी/आयपी आणि मायक्रोसॉफ्टचा क्लायंट एवढं असावं. टीसीपी/आयपी दोनदा दिसेल, एकदा डायल-अपसाठी, एकदा कार्डासाठी. बदल करायचे ते कार्डाच्या ओळीत. पत्ता आपोआप घ्या. फाइल शेअरिंग या कार्डावरून काढून टाका. विंडोज ९८चं शेअरिंग उघड्या नेटवर्कवर ठेवायच्या लायकीचं नाही.

आता स्टार्ट, रन, आणि विनआयपीसीएफजी (winipcfg). ही छोटी खिडकी फसवी आहे. वरच्या पट्टीत ती आधी पीपीपी अडॅप्टर म्हणजे डायल-अप दाखवते आणि खाली सगळे शून्य. ते बघून लोक हात टेकतात. पट्टीवरचा बाण दाबा, ओरिनोकोचं नाव निवडा, मग खरे आकडे येतात. १९२.१६८.५० ने सुरू होणारा पत्ता दिसला की जोडणी झाली. १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर लॅपटॉपने पत्ता मागितला आणि कुणी दिला नाही.

उघड्या नेटवर्कवर हे जमल्यावरच वेप लावा. राउटरवर पासफ्रेजवरून किल्ली बनवायचं बटण असेल तर ते वापरू नका. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, दोन्हीकडे किल्ल्या वेगळ्या निघतात. किल्ली सरळ हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ) लिहा: सिल्व्हरला १० अंक, गोल्डला २६. ओरिनोकोच्या खिडकीत हेक्स किल्लीच्या आधी शून्य आणि एक्स ही दोन अक्षरं टाकावी लागतात, नाहीतर ते तिला साधी अक्षरं समजतं आणि साध्या अक्षरांची संख्या ५ किंवा १३च लागते. दोन्हीकडे किल्ली क्रमांक १. ऑथेंटिकेशन ‘ओपन’ ठेवा. ‘शेअर्ड’ ऐकायला जास्त सुरक्षित वाटतं, पण त्याने उलट किल्लीविषयीची माहिती बाहेर जाते.

किल्ली चुकली तर या कार्डाचं वागणं गोंधळात टाकणारं असतं. ओपन ऑथेंटिकेशनमध्ये राउटर किल्ली न तपासताच कार्डाला आत घेतो. क्लायंट मॅनेजर हिरव्या पट्ट्या दाखवतो, सिग्नल उत्तम, दिवे लुकलुकतात, आणि पत्ता मात्र १६९.२५४. सिग्नल चांगला आणि पत्ता नाही अशी जोडी दिसली की ड्रायव्हरला हात लावू नका, किल्ली पुन्हा टाइप करा. उलट सिग्नलच नसेल तर नाव, चॅनल, राउटरचा मोड या क्रमाने तपासा. कार्डावरचे दोन्ही दिवे पूर्ण विझलेले असतील तर त्याला वीजच पोचत नाही, म्हणजे स्लॉट किंवा कंट्रोलर.

पत्ता आल्यावर डॉस खिडकीतून आधी राउटरला पिंग करा (समोरून उत्तर येतं का ते बघणारी आज्ञा), मग वॅनची केबल लावून गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला, मग एखाद्या नावाला. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर अडचण डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेची.

कार्ड काढताना टास्कबारच्या चिन्हावरून आधी थांबवा, मग बाहेर ओढा. तसंच उपसलं तर विंडोज ९८ गोठण्याची शक्यता बरीच.

लिनक्स, नेटबीएसडी

जुन्या लिनक्समध्ये ओरिनोकोचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच होता. त्या काळात कार्ड खोचल्यावर लॅपटॉप दोनदा बीप करायचा: दोन्ही बीप उंच आवाजाचे तर सगळं ठीक, पहिला उंच आणि दुसरा खालच्या पट्टीतला तर कार्ड ओळखलं पण चालू झालं नाही. डॅम स्मॉल लिनक्ससारख्या २.४ कर्नलच्या वितरणांवर हे आजही तसंच चालतं. नव्या कर्नलांमधून मात्र हा ड्रायव्हर काढून टाकला आहे. कमी रॅमच्या लॅपटॉपवर ताजी प्रणाली हवी असेल तर नेटबीएसडी या मुक्त प्रणालीकडे वळा. तिथे हे कार्ड डब्ल्यूआय या नावाच्या ड्रायव्हरने चालतं.

जोडलं, आता काय?

विंडोज ९८चे मूळ ब्राउझर आजच्या एचटीटीपीएसपुढे टिकत नाहीत, बहुतेक पानं उघडणारच नाहीत. रेट्रोझिला हा ब्राउझर टीएलएस १.२ (एचटीटीपीएसमागची एन्क्रिप्शनची पद्धत) बोलतो, त्याने काही पानं उघडतात. फ्रॉगफाइंड ही शोधसेवा पानं सोलून साध्या मजकुरात देते, ती जुन्या ब्राउझरवरही चालते. या लॅपटॉपवरून बँक, ईमेल किंवा कुठलाही खरा पासवर्ड वापरू नका.

फाइली हलवायला विंडोजच्या शेअरिंगमागे लागू नका. त्यासाठी नव्या कॉम्प्युटरवर एसएमबीची (विंडोजच्या शेअरिंगच्या भाषेची) पहिली आवृत्ती पुन्हा चालू करावी लागते आणि ती बंद आहे ते योग्यच आहे. त्याऐवजी नव्या कॉम्प्युटरवर छोटा एफटीपी सर्व्हर चालवा, फक्त एका फोल्डरपुरता. दोन्ही यंत्रं जुन्याच राउटरवर असली तर हे इंटरनेटशिवायही होतं. वेगाची अपेक्षा माफक ठेवा: ११ एमबीपीएस हा हवेतला आकडा, हातात पडतात ते साधारण ५. म्हणजे १०० एमबीच्या फाइलीला तीनेक मिनिटं. लॅपटॉप दोन भिंतींपलीकडे नेला तर कार्ड ५.५, २, १ असं एकेक पायरी खाली उतरतं आणि त्याच फाइलीला अर्धा तासही लागू शकतो. मोठं काही उतरवायचं असेल तर राउटरच्याच खोलीत बसा.